बांजाचं बी

रानीखेत,
९ फेब्रुवारी १९८६

बाये,

आई-बाबांच्या पाया माझ्या वतीने तूच पड. मला इथे वाकायचं म्हटलं तरी अंगावरची घोंगडी घसरते, आणि घोंगडी घसरली की दात वाजायला लागतात. पत्राबरोबर कापडी पिशवी शिवून पाठवली आहे. आत सुपारीसारखं दिसतं ती सुपारी नव्हे. चावू नका.

तर झालं असं. मी सध्या एका बंगल्यावर आहे. आधी ट्रकवर होतो, तो ट्रक काठगोदामला बिघडला. मालक म्हणाला थांब, मी थांबलो, मग मालकच आला नाही. मग भाजीच्या गाडीवर बसून वर आलो. बंगल्याची मालकीण म्हातारी आहे. तिच्याकडे पाण्याचा पंप आहे आणि तो माझ्याशिवाय कोणाचं ऐकत नाही. परवा अस्वल आलं होतं. अस्वल म्हणजे आपल्याकडे जत्रेत नाचवतात तसलं नव्हे, हे मोकळं. स्वैंपाकघराच्या मागे येऊन त्याने मधाची बरणी

अस्वलाचं पुढच्या पत्रात. झाडाचं सांगतो.

बंगल्याच्या अंगणात एक झाड आहे. त्याला इथे बांज म्हणतात. बाये, असलं झाड तू बघितलं नाहीस. आपल्या देवळाकडच्या वडाएवढा पसारा, पण पारंब्या नाहीत, सगळं कसं एका खोडावर. पान वरून काळं-हिरवं, खालून पांढरं. वारा आला की सगळं झाड एकदम रंग बदलतं. आणि पानं झडून उघडंबोडकं कधीच होत नाही. बर्फ पडलं तरी हिरवं. त्याच्या खाली एक बाजलं, दोन खुर्च्या, कुत्रा, खानसामा आणि मी एवढे बसतो आणि तरी सावली उरते.

त्या खानसाम्याला मी आपल्या आंब्याचं सांगितलं. मुंडकार म्हणजे काय ते समजावताना घाम फुटला, आणि तोही या थंडीत. म्हटलं, घर आमचं, घराखालची जमीन भाटकाराची, म्हणजे जमीनदाराची. आमच्या अंगणात काही उगवलं तर तेही भाटकाराचं. नारळ त्याचा, फणस त्याचा, आंबा त्याचा. तो म्हणाला, आणि सावली? मी म्हटलं, सावलीत माझा बाप बसायचा, म्हणून तर भाटकाराच्या माणसाने आंबा तोडून फळ्या काढल्या. खानसाम्याने वर बांजाकडे बघितलं. मग म्हणाला, बांज लाव. याला खायचं फळ नाही, बाजारात कोणी विचारत नाही, तुझ्या त्या भाटकाराला याचं नावसुद्धा माहीत नसेल.

बाये, तेव्हापासून माझ्या डोक्यात हेच आहे. जे झाड भाटकाराला ओळखताच येत नाही, त्याच्यावर तो हक्क कसा सांगणार? त्याचा माणूस अनंत येऊन विचारील, हे काय. तुम्ही सांगा, आम्हांला काय ठाऊक, आपोआप आलं.

घर सोडून निघताना अंगणात उभा राहून मी काय बोललो ते तुला ठाऊक आहे. आपलं झाड नसलेल्या अंगणात परत पाय ठेवणार नाही. बाबांनीही ते ऐकलं होतं. बोललो ते बोललो. तेव्हा हे बी नीट लाव.

लावायचं कसं ते खानसामा सगळं सांगत होता. जागा कशी हवी, पाणी किती, बी आणि ऊन याचं काहीतरी फार महत्त्वाचं तो सांगणार तेवढ्यात बाहेर अल्मोड्याच्या ट्रकने हॉर्न दिला आणि मला पंपाचा वॉशर आणायला जायचं होतं. परत आल्यावर विचारायचं राहिलं. पण तू काय, शेतात वाढलेली, तुला काय सांगायचं.

उत्तर वरच्या पत्त्यावर टाक. मी असेन. नसलो तर खानसामा पुढे पाठवील.

तुझा भाऊ,
गोकुळदास


सर्वण,
१२ मे १९८६

गोकुळ,

तुझं पत्र आलं. दोन पानं अस्वल, बंगला, भाजीची गाडी, आणि बी लावायचं कसं याच्या जागी ट्रकचा हॉर्न. मी ते पत्र पुन्हा पुन्हा वाचलं, वाटलं एखादी ओळ माझ्या नजरेतून सुटली असेल. सुटली नव्हती, लिहिलेलीच नव्हती. मार्चमध्ये तुला कार्ड टाकलं, कधी पेरू म्हणून विचारलं. त्याचं उत्तर नाही.

म्हणून आईने जे सगळ्याचं करते तेच केलं. इकडे पुरूमेंताचे दिवस. पावसाळ्याची बेगमी म्हणून सगळं अंगणात वाळत पडलंय, सोलां, मिरच्या, चिंच. त्याच चटईच्या कोपऱ्यावर आईने तुझं बी पसरलं. रोज सकाळी उन्हात, संध्याकाळी आत. आंबा गेल्यापासून अंगणात ऊन तरी भरपूर आहे. चांगलं खडखडीत वाळलं आहे. हलवलं की आत वाजतं. आता मडक्यात राखेत घालून ठेवलंय, पाऊस धरला की पेरू.

अनंत परवा आला होता. भाटकाराच्या काजूंवर नजर ठेवत फिरत असतो. चटईकडे बघून म्हणाला, सुपारी कुठून आणली? त्याला वाटलं भाटकाराच्या कुळागरातून, पोफळीखालून उचलली. मी काही बोलायच्या आधी त्याने एक उचलून तोंडात टाकली आणि कडकन चावली. मग जे तोंड केलं ते तू बघायला हवं होतंस. जीभ खरवडत विहिरीकडे धावला. आई आत जाऊन हसत होती. पण जाताना म्हणाला, हे जे काय आहे ते या जाग्यात लावायचं नाही, सांगून ठेवतो.

बाबांना मी सगळं वाचून दाखवलं. ते सोप्यावर बसलेले, गुडघ्यांना तेल चोळत. जन्मभर भाटकाराचे माड चढले, आता पायरी चढवत नाही. सगळं ऐकून एवढंच म्हणाले, ह्या घरात मी लावलेला प्रत्येक झाड त्याचा झाला. आता मी लावणार नाय. मी म्हटलं, मुंडकाराचा कायदा होऊन इतकी वर्षं झाली, घराभोवतीची जागा आता आपल्याला मिळते. तर म्हणाले, कायदो पणजेक, अनंताचो कोयतो हांगा.

तेव्हा पेरणार मीच. आणि तू तुझं नक्की ठिकाण कळव. पदेर पाव टाकायला येतो तोसुद्धा विचारतो, पोरगा कुठाय. मी दर वेळी वेगळं गाव सांगते. त्याला वाटतं मी खोटं बोलते.

सुमंगला


हल्द्वानी,
३ जुलै १९८६

बाये,

तुझं पत्र माझ्या मागून मागून फिरत परवा मिळालं. वाळवलं? कोणी सांगितलं वाळवायला? बी काय मिरची आहे?

मी लगेच वर जाऊन खानसाम्याला गाठलं. त्याने कपाळावर हात मारला. म्हणाला, हेच तर तुला सांगत होतो, तू पळालास. बांजाचं बी झाडावरून पडलं की ओलं असतानाच मातीत जायला हवं. वाळलं की मेलं. आतला जीव सुकतो. फणसाच्या आठळीसारखं आहे ते, काजूसारखं नव्हे. काजू वाळव, वर्षभर ठेव, काही होत नाही. आठळी रुजवायची तर ओली हवी, हे आईला माहीत नाही? आठळ्या काय ती उन्हात वाळवून पेरते?

माझं डोकं फिरलंय, बाये. मी ते बी कसं गोळा केलं तुला ठाऊक नाही. वानरं आधी येतात, मग त्या पांढऱ्या शेपटीच्या खारी, मग उरलेलं आम्ही. एका वानराने माझी टोपी नेली. ती टोपी परत मिळवायला मी

ते जाऊ दे. तरी पेर. एखाद्यात जीव राहिला असेल.

मी सध्या टायरच्या दुकानात आहे. म्हाताऱ्या मालकिणीने नवा पंप घेतला, तो कोणाचंही ऐकतो.

गोकुळदास


सर्वण,
२० ऑक्टोबर १९८६

गोकुळ,

तुझ्या पत्रातला राग वाचून आई दोन दिवस धड जेवली नाही. फणसाच्या आठळीसारखं, हे दोनच शब्द होते. अस्वलाच्या जागी ते लिहिले असते तर आईला एका दमात कळलं असतं. तिला आठळी आणि काजू यांतला फरक तू शिकवू नकोस. तिला फक्त हे कळायला हवं होतं की हे बी कोणाच्या जातीचं.

पेरलं मी. घराच्या पश्चिमेला, जिथे आंब्याचं खोड होतं त्याच्या थोडं पुढे. ओळीने आळी केली. पाऊस चांगला झाला. शेजारी पाडवळाचे वेल चढले, दोडकी आली, दगडातून गवत आलं. तुझ्या बियांतून काही नाही.

एक गोष्ट सांगते, ती तू वाच आणि मग पुढच्या ट्रकात चढ. बाबा रोज सकाळी काठी टेकत त्या आळ्यांपर्यंत जात होते. आम्हांला दाखवत नव्हते. मी जनेलातून बघायची. वाकता येत नाही म्हणून काठीच्या टोकाने माती हलवून बघायचे, परत सारखी करायचे. चतुर्थी झाल्यावर एक दिवस त्यांनी एक बी उकरून काढलं, हातात फोडलं, आत काळा भुगा निघाला. तो त्यांनी धोतराला पुसला आणि सोप्यावर येऊन बसले. त्या दिवसापासून गेले नाहीत.

लावणार नाही म्हणणारा माणूस बघायला जात होता, गोकुळ. मला तुझाही राग येतो आणि त्यांचाही. तू म्हणालास पाय ठेवणार नाही, आणि त्यांनी ते मनाला लावून घेतलं. तुझं येणं त्यांनी त्या बियांवर टांगून ठेवलं आहे. मी काय करू? दोन अडलेल्या बैलांना एका जोखडात घालून मी एकटी ओढते आहे.

या वेळी टपालाने काही पाठवू नकोस. स्वतः घेऊन ये.

सुमंगला


रानीखेत,
२२ जानेवारी १९८७

बाये,

ही टिनाची डबी जो माणूस देईल त्याचं नाव विजय. आरोंद्याचा आहे, डिचोलीच्या खाणीवर ट्रक चालवतो. भला माणूस, फक्त बोलतो फार. त्याला चहा दे, पण बोलत बसवू नकोस.

मी स्वतः येणार होतो. अगदी निघालोही होतो. पण गोव्यात रस्ते बंद, भाषेवरून आंदोलन, झाडं तोडून रस्त्यात आडवी टाकली आहेत असं ऐकलं. भाषेसाठी झाडं का तोडतात मला कळलं नाही. मी एका झाडासाठी एवढा हिंडतो आहे आणि यांना रस्त्यात टाकायला झाडं पुरतात. असो. आपण घरात बोलतो एक, पत्रात लिहितो एक, आणि मी तर आता निम्मा हिंदीत बडबडतो, तेव्हा मला कोणी विचारू नये. तर म्हणून मी आलो नाही.

आता नीट वाच. मी खानसाम्यासमोर बसून सगळं विचारून घेतलं. त्या वेळात दोनदा हॉर्न वाजला. उठलो नाही.

डबीत ओलं शेवाळ आहे, त्यात बी. काहींना पांढरी सोंड फुटली असेल, ती मुळी. ती मोडू नको. मुळी मोडली की झाड गेलं. डबी उघडलीस त्याच दिवशी लाव. उभं नको, आडवं ठेव, बोटाच्या एका पेराएवढी माती वर. कुंडीत नको, पिशवीत नको. या झाडाची मुळी आधी सरळ खाली जाते, पान यायच्या आधी. कुंडीत लावलं की ती तळाशी गुंडाळते आणि मग जन्मभर झाड लंगडं. जिथे उभं राहायचं तिथेच लाव. घरापासून लांब. त्याचा पसारा किती होतो ते मी सांगितलंय, भिंतीजवळ लावलंस तर नातवंडं शिव्या देतील.

पाणी साचेल अशी जागा नको. आपला जांभा दगड लागला तर फोडून खाली माती सैल कर. वर तारेची जाळी बसव, नाहीतर उंदीर आणि घुशी त्याच दिवशी मेजवानी करतील. कोंब आला की खोडाशी माती चढवू नको, आईला सवय आहे, माडाला चढवते तशी. याला नको, खोड कुजतं. पालापाचोळा घाल, पण खोडाला चिकटवून नव्हे. पाणी रोज शिंपडू नको, दोन-चार दिवसांनी पोटभर दे, म्हणजे मुळी पाण्याच्या मागे खाली जाईल.

आणि शेवटचं. खानसामा म्हणाला, तुझ्या मुलखात ऊन कसं? मी सांगितलं. तो गप्प झाला. मग म्हणाला, पहिले दोन-तीन उन्हाळे याला दुपारची सावली लागेल. मोठं झालं की ते दुसऱ्यांना देईल, पण लहानपणी कोणीतरी त्याला द्यायला हवी. मी म्हटलं, त्याला लावायचं तेच सावली नाही म्हणून. तुला काही सुचलं तर बघ.

एवढं सगळं लिहिलं, एकदाही भरकटलो नाही, लक्षात घे.

गोकुळदास


सर्वण,
१५ मार्च १९८७

गोकुळ,

पाकिटावरचा पत्ता बघून दचकलास ना? तेरेखोल, किल्ल्याच्या वाटेवरचं हॉटेल, मागच्या बाजूला पंप सांभाळणारा. तुझा विजय खरंच फार बोलतो. मी चहाबरोबर त्याला दोन उंडे पाव आणि भाजी दिली, तर त्याने सगळं ओकलं. म्हणाला, वहिनी, काळजी करू नका, पोरगा अमक्या ठिकाणी मजेत आहे, दिवसातून चारदा फेरीबोट बघतो आणि चढत नाही. मी त्याची वहिनी नव्हे हेही मी त्याला सांगितलं नाही, इतकी मी सुन्न झाले होते.

रानीखेत. तू तेरेखोलात बसून कागदावर रानीखेत लिहिलंस. एक फेरी आणि दोन बसगाड्या, की तू घरात. मी इथे शेजाऱ्यांना हिमालय सांगते आहे.

आई-बाबांना सांगितलेलं नाही. सांगणार होते. पण डबी उघडली आणि राहून गेलं.

दोन बियांना मुळी होती, बाकीची काळी. मी तुझं पत्र दगडाखाली ठेवून ओळ ओळ वाचत लावलं. जांभा फोडायला सतीश आला, आपल्या वाड्यावरचा. सांगितलं तेवढंच फोडलं, जास्त विचारलं नाही. जाळी कोंबड्यांच्या खुराड्याची काढून घातली, त्यामुळे आता कोंबड्या घरात झोपतात. मार्च लागता लागता दोन्हीतून कोंब आले. तांबूस, केसाळ, पानांना कडेने दाते. आई म्हणाली, एवढ्याशा जिवाला एवढे दात कशाला.

बाबा आले. काठीने नव्हे, या वेळी खाली बसले. बसायला किती वेळ लागला आणि उठवायला आम्ही दोघी लागलो, पण बसले. तेव्हापासून दुपार झाली की आपली जुनी पाटली, ती बांबूची टोपली, घेऊन जातात आणि कोंबांवर पालथी घालतात. ऊन उतरलं की काढतात. पाटलीची वेळ त्यांची तेवढी पक्की आहे, जेवण मागे राहिलं तरी चालतं.

अनंत आलाच. जाळी बघून म्हणाला, म्हाताऱ्या, मुंडकाराने झाड लावायचं नाही, विसरलास? बाबा म्हणाले, माझा नाय, झिलाचा. अनंत म्हणाला, झील कुठाय? बाबांनी जाळी सारखी केली. मला ठाऊक होतं कुठाय, आणि मला ते तोंडातून काढता आलं नाही. हे तू माझ्यावर आणलंस.

वाकून पानं बघून गेला. कसलं झाड ते त्याला कळेना. तेवढं मात्र तू म्हणालास तसंच झालं.

मी तुला ये म्हणत नाही. म्हणून दमले.

सुमंगला


तेरेखोल,
६ एप्रिल १९८७

बाये,

विजयला मी आता ट्रकाखाली घालणार आहे.

जानेवारीत निघालो तो घरीच यायला निघालो होतो, हे खरं. डबी मांडीवर घेऊन रेल्वेने, मग एस.टी.ने, शेवाळावर पाणी शिंपडत. लोकांना वाटायचं आत मासे आहेत. बांद्यापर्यंत आलो. तिथून डिचोली काय लांब. पण बशीत चढताना मनात आलं, हातात बी आहे, झाड नाही. मी म्हणालो होतो झाड. बी घेऊन गेलो तर अनंत हसेल, बाबा खाली मान घालतील, आणि बी पुन्हा मेलं तर मी त्यांच्यासमोर बसून ते बघायचं? मी तेरेखोलच्या बशीत बसलो. वाटलं चार दिवस थांबू. मग इथला पंप बिघडलेला निघाला.

इथून पलीकडे केरीचा किनारा दिसतो. फेरी येते, माणसं उतरतात, चढतात. पर्यटक येतात, किल्ला बघतात, मला विचारतात की समुद्र भरतीला किती चढतो. एका गोऱ्याने माझ्याकडून झाडांची नावं लिहून घेतली, मी निम्मी खोटी सांगितली, मग वाईट वाटलं म्हणून मागे धावलो, तर तो

पुन्हा भरकटलो. बाबा खाली बसले हे मी किती वेळा वाचलं सांगत नाही.

पाटली पुरणार नाही. एप्रिलचं ऊन आणि ते जांभ्यातून वर येणारं तापणं, दोन्ही बाजूंनी भाजेल. पश्चिमेला काहीतरी उभं हवं. कूड घाल, माडाच्या झावळ्यांचं. अनंत झावळ्या देणार नाही हे मला ठाऊक आहे. काहीतरी कर. उंची किती झाली कळव. माझ्या गुडघ्याला लागलं असं लिहिलंस की मी त्याच दिवशी फेरीत चढतो. हे मी लिहून देतो.

गोकुळदास


सर्वण,
७ जून १९८७

गोकुळ,

गुडघ्याला लागलं नाही. लागणार नाही.

एक कोंब तुझं पत्र यायच्या आधीच गेला. पानं कडेने तपकिरी झाली, मग मधे, मग काडी उरली. दुसरा मे अखेरपर्यंत टिकला. तुझं सगळं ऐकलं. पोटभर पाणी, पालापाचोळा, खोड मोकळं. झावळ्या अनंताने दिल्या नाहीत. आईने तिचं जुनं लुगडं काठ्यांवर बांधलं. गोव्याचं राज्य झालं त्या दिवशी डिचोलीत फटाके वाजत होते, पेढे वाटत होते, आणि इथे बाबा लुगड्याच्या सावलीत त्या काडीपाशी बसलेले. शेवटचं पान त्याच आठवड्यात पडलं. मी तुला सांभाळून सांगायचा प्रयत्न करत नाही. मेला तुझा बांज. आपली माती त्याची नव्हे, आपलं ऊन त्याचं नव्हे, आणि मला वाटतं खानसामा गप्प झाला तेव्हाच त्याला हे कळलं होतं.

आता पुढचं ऐक.

मार्चातच, पाटली पालथी घालायला जायचे त्या दिवसांत, बाबांनी कोंबांच्या पश्चिमेला एक आठळी टोचली. ओली, फणसातून काढलेली तशीच. आम्हांला सांगितलं नाही. रोप आलं तेव्हा मी विचारलं, तर म्हणाले, पाहुण्याक सावळी नको? तुझ्या झाडाला छत्री म्हणून फणस. ज्या माणसाने माझ्या जन्मात या अंगणात काही लावलं नव्हतं त्याने फणस लावला, कारण तो त्याचा नव्हता, पाहुण्याची छत्री होती.

अनंताने ओळखलं. फणस ओळखायला कोणाला शिकायला लागत नाही. उपटून टाकला. बाबांनी दुसरी आठळी लावली. तीही आली, तीही त्याने उपटली, आणि या वेळी मुळासकट दगडावर आपटून गेला. बाबांनी तिसरी लावली. तोपर्यंत बांजाचा दुसरा कोंबही करपायला लागला होता. मी म्हटलं, बाबा, आता छत्री कोणाला? त्यांनी आठळीला पाणी घातलं.

परवा अनंत परत आला. रोप वीतभर झालंय, पानं चकचकीत. तो वाकला. बाबा पायरीवर होते. उठले, काठी न घेता, आणि भिंतीला धरत धरत तिथवर गेले. मी पुढे होणार होते, आईने माझा हात धरला.

बाबा म्हणाले, "हात लाव नको. हो माझो."

बस, एवढंच. झिलाचा म्हणाले नाहीत, पाहुण्याचा म्हणाले नाहीत. अनंत म्हणाला, भाटकाराला सांगतो. बाबा म्हणाले, सांग, मी पण मामलेदाराक सांगतंय. मग मेलेल्या बांजाची काडी होती ना, ती अनंत उपटून घेऊन गेला. काहीतरी हातात न्यायला हवं होतं त्याला.

काल बाबांना घेऊन डिचोलीला जाऊन आले. मामलेदाराच्या कचेरीत तीन पायऱ्या आहेत, त्या ते चढले आणि घराभोवतीच्या जागेचा अर्ज दिला. पुढे काय होतं ते बघू. पुन्हा बोलावलंय. भाटकाराचा वकील येणार म्हणतात. मी एकटी घेऊन जाते आहे, हेही लिहून ठेवते, म्हणजे तुला कळेल मी रागावलेली आहे.

आणि आता तेरेखोलचं. मी त्यांना सांगितलं, परतताना बशीत. वाटलं चिडतील. त्यांनी खिडकीबाहेर बघत विचारलं, फेरी किती वाजता सुटते. मी म्हटलं, दिवसभर चालू असते. आज मी तुला पत्र लिहायला बसले तेव्हा ते फणसाला पाणी घालून आले आणि माझ्यामागे उभे राहिले. त्यांना वाचता येत नाही, पण कागदाकडे बघत होते. म्हणाले,

"तेका लिही, झाड आसा. कसला ता लिहू नको."

मी सगळं लिहिलं आहे. मी तुमच्या दोघांसारखी नाही.

येताना रिकाम्या हातांनी ये. बी आणू नकोस.

सुमंगला